एका पानाचं देणं

गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे. खामगावच्या बाजूला माझा एक मित्र राहतो. वस्ती आपलीच, भूक आपलीच, त्याच्या घराण्यानं गावकीची कामं केली तीही आपल्यासारखीच. फरक एवढाच, की दुष्काळाच्या सालात त्याच्या पणजीला मिशनच्या बाईनं उचललं, जगवलं, आणि घराणं ख्रिस्ती झालं. हा गडी कविता लिहितो. आतड्यातून लिहितो.

जयंतीच्या एका कार्यक्रमात तो कविता वाचायला उभा राहिला. मागून आवाज आला, "हा तं येशूवाला हाय. याचं इथं काय काम?" बोलणारं पोरगं आपलंच होतं. पुढच्या रविवारी त्यानं तीच कविता चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना दाखवली. ते म्हणाले, "बाळा, प्रभूची भजनं लिही. जातीबितीचं कशाला काढतोस? आपल्यात जात नसते." जात नसते म्हणणाऱ्यांच्या घरी सोयरीक मात्र जात पाहूनच जमते, हे तोही जाणतो, मीही जाणतो.

त्या रात्री चहाच्या टपरीवर तो मला म्हणाला, "सांग ना गड्या, मी लिहू तं कोनासाठी लिहू? तिकडं गेलो तं मी जातीचा. इकडं आलो तं मी पादरी. मधात मी कोन?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आपण व्याख्यानं देतो, मोर्चे काढतो, पण साध्या सवालाला गप्प होतो. म्हणून मी इतिहास चाळायला बसलो. मराठीत ख्रिस्ती माणसानं लिहिलं ते कशासाठी? त्याला बळ कुठून मिळालं? आणि त्यात आपला संबंध काय? जे हाती लागलं ते ह्या पानांवर मांडतो.

सुरुवात १८५५ पासून करू. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशननं १८४२ साली 'ज्ञानोदय' नावाचं पत्र काढलं होतं. त्या पत्रात १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये, दोन हप्त्यांत, एक निबंध छापला गेला. विषय होता मांग-महारांचं दुःख. लिहिणारी जोतिरावांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची पोर. नाव मुक्ता. दलित स्त्रीचं छापून आलेलं पहिलं लेखन म्हणून आज आपण तो निबंध डोक्यावर घेतो, आणि घेतलाच पाहिजे.

त्या पोरीनं काय विचारलं? वेद ब्राह्मणांचे, आम्हाला ते पाहायचीही बंदी, मग आमचा धर्म कोणता? ज्या धर्माचा लाभ एकालाच मिळतो तो धर्म पृथ्वीवरून जावा, असा तिच्या म्हणण्याचा रोख. तिनं पेशवाईतला जुलूम सांगितला. इमारतींच्या पायात गाडलेली माणसं सांगितली. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आमच्या बायांचे हाल सांगितले. आणि शेवटी मांग-महारांना शिकायला सांगितलं.

आता नीट पाहा. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. शाळा जोतिरावांची होती. पण तिचं लिखाण छापलं ते ख्रिस्ती पत्रानं. पुण्या-मुंबईत तेव्हा मराठी छापखाने होते, पत्रं होती, शास्त्री-पंडित होते. मांगाच्या पोरीसाठी पान निघालं ते मिशनच्या कागदात. कोणी म्हणेल, त्यात मिशनऱ्यांचा डाव होता, हिंदू धर्माची निंदा त्यांना हवीच होती. असेल डाव. मिशन धर्मांतरासाठीच आलं होतं, ते त्यांनी लपवलं नाही. पण पान दिलं हे खरं. आणि त्या पानावर पोरीनं येशूचं भजन म्हटलं नाही, आपलं दुःख मांडलं, हेही खरं. तिला पडलेल्या धर्माच्या सवालाला उत्तर यायला पुढं एकशे एक वर्षं लागली. ते उत्तर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भूमीवर मिळालं.

ज्ञानोदयाचं ते पान आपल्यावर देणं आहे. हा शब्द लक्षात ठेवा. शेवटी त्याच्याकडे येतो.

दोन वर्षांनी, १८५७ ला, बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं. बाबा जन्मानं कासार, बेळगावचे. १८५४ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'यमुनापर्यटन'ला मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात. विषय विधवांच्या हालांचा. म्हणजे मराठी कादंबरीनं पहिलं पाऊल टाकलं ते राजवाड्याच्या गोष्टीसाठी नाही, डोकं भादरून कोपऱ्यात बसवलेल्या बाईसाठी. ख्रिस्ती झाल्यावर हा माणूस आपल्या घराबाहेर पडला होता, नात्यागोत्यातून तुटला होता. बाहेर पडलेल्या माणसाला घर नीट दिसतं. त्याच्या लेखणीचं बळ तिथलं. पण पाहणं अजून वरच्या जातींच्या वाड्यापुरतंच होतं. गावकुसाबाहेरच्या बाईपर्यंत ती नजर आली नाही. मुक्तानं जे आधीच लिहून ठेवलं होतं, तिथवर कादंबरी पोचली नाही.

आता आपल्या बुलडाण्याकडे या.

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून एक छोटं पुस्तक निघालं, 'स्त्री-पुरुष तुलना'. लिहिणारी ताराबाई शिंदे, राहणारी बुलडाण्याची. बाप बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक विचाराचा माणूस. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर खटला झाला होता आणि पत्रांतून साऱ्या बायकांवर चिखलफेक चालली होती. ताराबाई पेटून उठली. पुरुषजातीला तिनं रोखठोक सवाल केले, आणि भाषा वापरली चुलीपुढची, भांडणातली, आपल्या वऱ्हाडी बाईच्या तोंडची. लोक असे काही तुटून पडले की तिनं पुढं दुसरं पुस्तक दिलं नाही. पुस्तक विसरलं गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं, तेव्हा कुठं महाराष्ट्राला कळलं की बुलडाण्यात असली बाई होऊन गेली.

ताराबाई ख्रिस्ती नव्हती. मग तिला इथं का आणली? कारण त्याच १८८२ साली, त्याच पुण्यात, दुसरं एक बाईचं पुस्तक निघालं. पंडिता रमाबाईंचं 'स्त्रीधर्मनीति'. एक मराठ्याची बाई, बुलडाण्यासारख्या आडगावच्या कचेरीतल्या कारकुनाची लेक. दुसरी ब्राह्मणाची, संस्कृत कोळून प्यालेली, कलकत्त्याच्या पंडितांनी पदवी देऊन गौरवलेली. ताराबाईची भाषा फटकळ. रमाबाईंची भाषा तेव्हा संस्कृतनं जड झालेली, आणि सूर बायकांना उपदेश करण्याचा. ताराबाई पुरुषाला जाब विचारत होती, रमाबाई तेव्हा बाईलाच सुधार म्हणत होत्या.

पुढच्या वर्षी रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात आगडोंब उसळला. काल ज्यांनी हार घातले त्यांनीच शिव्या घातल्या. त्या वेळी तिच्या बाजूनं उभा कोण राहिला? जोतिराव फुले. १८८५ ला त्यांनी 'सत्सार' नावाची पुस्तिका काढली. पहिल्या अंकात रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अंकात बुलडाण्याच्या ताराबाईची बाजू घेतली, आणि तिच्यावर तोंडसुख घेणाऱ्या आपल्याच बाजूच्या लोकांना फटकारलं.

मित्रांनो, थांबून विचार करा. एक बाई ख्रिस्ती झालेली ब्राह्मणी, दुसरी हिंदू मराठीण. जोतिरावांनी दोघींना एकाच पुस्तिकेत जागा दिली. ह्या बाईचा देव कोणता, असं विचारलं नाही. हिच्यावर घाव कोण घालतंय आणि ही कोणाच्या बाजूनं बोलतेय, एवढंच पाहिलं. जयंतीच्या कार्यक्रमात मागून ओरडणाऱ्या आपल्या पोरानं हे वाचलेलं नाही. दोष त्याचा नाही. आपण त्याला सांगितलं नाही.

आता रमाबाईंचं पुढं काय झालं ते सांगतो, कारण माझ्या मित्राच्या सवालाचं खरं उत्तर त्यात दडलंय.

१८८७ ला त्यांनी अमेरिकेत इंग्रजी पुस्तक छापलं. नावातच होतं, उच्चवर्णीय हिंदू स्त्री. १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढं ते पुण्याला नेलं. तिथं ब्राह्मण विधवांना आपापलं सोवळं पाळायची मुभा होती. म्हणजे धर्म बदलला, पण लिहिण्यापुढं आणि कामापुढं जी बाई होती ती अजून वरच्या आळीतलीच. आपण हे झाकून ठेवायचं कारण नाही. थोर माणसाचंही माप घ्यायचं असतं.

मग दुष्काळ आला. १८९६-९७ चा, आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा. आपल्या वऱ्हाडानं दोन्ही भोगले. रमाबाईंनी स्वतः पोरवयात दुष्काळ पाहिला होता. आई-बाप त्या भुकेत गेले होते, भावाबरोबर त्यांनी हजारो कोस पायपीट केली होती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास बाया-मुली घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. १९०० नंतर तिथं दीड-दोन हजारांचा मेळा झाला. आता जातीचं सोवळं टिकणार कुठं? कुणबी, माळी, भिल्ल, महार, मांग, जिला जात सांगता येत नाही अशीही. सगळ्या एका पंगतीला बसल्या.

आणि इथं लेखिका बदलली. ह्या बायांना वाचायला द्यायचं काय? मराठी बायबल होतं, पण त्याची भाषा पंडिती. शेतात राबणाऱ्या बाईला ती कळेना. मग ह्या संस्कृत पंडितेनं ठरवलं की बायबल पुन्हा मराठीत आणायचं, साध्या बाईला कळेल असं. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. ब्राह्मणी कल्पना चिकटलेले संस्कृत शब्द वेचून बाहेर काढले. आश्रमातच छापखाना घातला. खिळे जुळवायला बसल्या कोण? दुष्काळातून आणलेल्या त्याच पोरी. ज्यांच्या सात पिढ्यांनी अक्षर पाहिलं नव्हतं त्यांनी ओळी जुळवल्या, कागद ओढले, पानं शिवली. हे काम रमाबाईंनी अखेरपर्यंत केलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. १९२४ ला पूर्ण बायबल छापून आलं.

विद्वानांनी त्या भाषांतराला नावं ठेवली, खडबडीत म्हणाले. म्हणू द्या. आपल्याही लिखाणाला ते खडबडीतच म्हणाले होते. ज्या बाईचा सारा मान संस्कृतवर उभा होता, तिनं आपल्याच लेखणीतून संस्कृत उपटून काढलं. का? समोर बसलेल्या भुकेल्या बाईला कळावं म्हणून. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जे झालं नाही ते दुष्काळातल्या पोरींनी केलं. त्यांनी तिला भाषा दिली.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचं थोडक्यात सांगतो. कोकणातला ब्राह्मण कवी. १८९३ ला नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसानं त्याला बायबल दिलं, आणि १८९५ ला हा मुंबईत ख्रिस्ती झाला. पण ख्रिस्ताचं गाणं लिहायला बसला तेव्हा विलायती चाल घेतली नाही, तुकोबाचा अभंग घेतला. तुकोबाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं तो सांगायचा. १९१२ पासून ज्ञानोदयाची मराठी बाजू त्यानं सांभाळली. अखेरच्या काळात मिशनचा पगारही सोडला, कारण गोऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिऊन आपला समाज उभा राहणार नाही हे त्याला पटलं होतं.

पण मला विचाराल तर टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंकडे पाहा. नवऱ्याच्या धर्मांतरानं मोडून पडलेली, सोवळ्यात वाढलेली बाई. शाळा अशी पाहिलेली नाही. तिनं आपल्या डोक्यानं विचार केला की जात देवानं केली की माणसानं, आणि जात सोडली. मग 'स्मृतिचित्रे' लिहिली, १९३४ पासून भागाभागानं पुस्तकरूपात आली. भाषा कशी? ओट्यावर बसून बाई बोलते तशी. आज सारे समीक्षक त्या पुस्तकापुढं मान लववतात. जी बोली शुद्धलेखनवाल्यांनी हाकलली असती, तिनंच मराठीला मोठं पुस्तक दिलं.

एवढं सगळं असून एक खड्डा उरतोच. पदमनजी, रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई. ह्यात गावकुसाबाहेरचा माणूस कुठं आहे? महाराष्ट्रातल्या चर्चचे बाक भरले आमच्या लोकांनी. नगर-जालन्याकडं भरले. इकडं वऱ्हाडात अलायन्स मिशन आलं, खामगाव, मलकापूर, बुलडाण्याला त्याची ठाणी झाली, तिथंही भरले. पण पुस्तकावर नाव आलं ते वरून आलेल्या माणसाचं. महार-मांग ख्रिस्ती भजनं म्हणत राहिला. आपली कहाणी त्यानं फारशी लिहिली नाही.

ह्या मौनावर बाबासाहेबांनी बोट ठेवलं होतं. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढं ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त ह्या दोघांनी माझ्या मनाला ओढ लावली, हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. पण सुनावलंही, की तुमच्या चर्चमध्ये जात शिरली आहे, आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध तुमचा समाज राजकारणात कधी लढायला उतरला नाही. बाबासाहेबांचं हे बोलणं शत्रूचं नव्हतं. शिकलेल्या समाजानं आवाज काढावा, ही त्यात तळमळ होती.

आणि पुढं त्या मौनाला कायद्याचं कुलूप लागलं. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरवलं की हिंदू असेल तोच अनुसूचित जातीचा. १९५६ ला शीख आत आले. आपण बौद्धांनी चौतीस वर्षं आणखी लढून १९९० ला केंद्राच्या यादीत पाय ठेवला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात त्याला इतर मागासवर्गात टाकलंय. गावात त्याला जातीवरून शिवी मिळते, पण ॲट्रॉसिटीचा कायदा त्याच्या मदतीला येत नाही. म्हणून पुष्कळ घरांत कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा. आपल्याला हे नवं आहे का? १९५६ नंतर आपल्याही घरांत दाखल्यावर हिंदू आणि भिंतीवर बुद्ध होताच ना?

आता कळलं का तो लिहीत का नाही? लिहिणाऱ्याला नाव लागतं. नाव छापलं की पोराचा दाखला धोक्यात. लेखक होण्याआधी त्याला गुन्हेगार व्हावं लागतं.

तरी कुलूप खिळखिळं झालंय. १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल ह्या आपल्या मराठी मुलखातल्या दलित ख्रिस्ती माणसानं सवाल टाकला, की भारतातलं ख्रिस्ती तत्त्वज्ञान आजवर ब्राह्मणी परंपरेशीच का बोलत बसलं? शूद्राशी, दलिताशी का नाही? पुढं त्यातूनच दलित धर्मचिंतनाची चळवळ उभी राहिली. नाकारलेला, गावाबाहेर नेऊन मारलेला येशू हा दलितच होता, असं निर्मल म्हणाले. पँथर १९७२ ला उठली होती, दलित साहित्य गाजत होतं. ती आच चर्चच्या आतपर्यंत गेली. म्हणजे आपण पेटवलेल्या शेकोटीवर त्यांनीही हात शेकले. चांगलंच झालं.

मग मी पुन्हा मित्राकडे गेलो. म्हटलं, "गड्या, तुझ्या सवालाचं उत्तर सापडलं. देव कोणता हे तू ठरव, त्यात मी पडत नाही. मी बुद्धाचा, मला देव नाही. पण लिहायचं कोणासाठी ते तुमच्याच घरच्या रमाबाईनं दाखवून ठेवलंय. समोर बसलेल्या बाईसाठी लिहायचं. तुझ्या पणजीसाठी लिही. तिला जे कळलं असतं तेच लिही, तिच्याच बोलीत लिही."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "लिहतो. पन नाव नको छापू. पोरीच्या ॲडमिशनचं साल हाय."

मला मुक्ता आठवली. १८५५ साली चौदा वर्षांच्या मांगाच्या पोरीनं नावानिशी लिहिलं, आणि आज घटनेच्या राज्यात पन्नाशीचा माणूस नाव लपवतो. लाज त्याची नाही, राज्याची आहे. थोडी आपलीही आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, दलित ख्रिस्ती माणसाच्या सवलतीचा सवाल आला की आपला वाटा कमी होईल म्हणून तोंड फिरवू नका. हीच भीती १९९० च्या आधी आपल्याबद्दल दाखवली जायची. वाटा वाढवून मागा, माणूस कमी करून नको. दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे, तिला दिल्लीचा आदेश लागत नाही. ज्ञानोदयानं एकदा आपल्या पोरीला पान दिलं होतं. ते देणं फेडायची वेळ आलीय. आपल्या पानांवर, आपल्या मंचावर, जयंतीच्या माईकपुढं त्याला जागा द्या. मागून कोणी ओरडलं तर त्याला खाली बसवा आणि सत्सारची गोष्ट सांगा.

मित्राची कविता पुढच्या अंकात येईल. खाली नाव नसेल. ती जागा आम्ही कोरी सोडणार आहोत. ज्या दिवशी त्याला भीती वाटणार नाही, त्या दिवशी तो आपल्या हातानं नाव लिहील.

जय भीम.